कबर कोणाची? दफनभूमीतील हक्क, वारसा आणि अदलाबदल

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेच्या परंपरेत मृतांच्या स्मरणाचा महिना होय. २ नोव्हेंबर रोजी सर्व मृत श्रद्धावंतांचा स्मृतिदिन साजरा होतो. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकांना, नेहमीच्या अटी पाळून, मृतात्म्यांप्रीत्यर्थ पूर्ण दंडमाफी मिळवता येते. या काळात आपल्या गावोगावच्या दफनभूमी गजबजून जातात. कबरींभोवतीचे गवत काढले जाते, क्रूसांना रंग लागतो, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या तेवू लागतात.

याच महिन्यात धर्मग्रामाच्या कार्यालयातही गर्दी वाढते. कोणी कबरीची जुनी पावती घेऊन येतो, तर कोणी 'आमच्या आजोबांच्या कबरीवर दुसऱ्याच घराण्याची पाटी कशी?' असा प्रश्न विचारतो. दोन कुटुंबांनी आपापसांत कबरी बदलून घेतल्याचे कधी कधी प्रमुख धर्मगुरूंना तेव्हाच प्रथम कळते. स्मरणाच्या दिवशी नात्यांत कडवटपणा यावा, ही दुःखाची गोष्ट आहे. हा कडवटपणा बहुधा वाईट हेतूतून येत नाही. कबरीवरचा हक्क म्हणजे नेमके काय, याची स्पष्ट कल्पना नसल्यामुळे तो येतो. ती कल्पना देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

अंत्यविधीच्या दिवशीचा पेच

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणू या. सकाळी घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली. दुपारी चार वाजता अंत्यविधीची मिस्सा ठरली. मुलगा धर्मगुरूंकडे येऊन म्हणतो, "फादर, आमची कायम कबर आहे, आईला पप्पांच्या कबरीतच ठेवायचे आहे." कबर खणणारी माणसे कामाला लागतात. तेवढ्यात मुंबईहून चुलत भाऊ येतो. त्याच्या हातात त्याच कबरीची, त्याच्या वडिलांच्या नावाची पावती असते. त्याची स्वतःची आई रुग्णालयात अत्यवस्थ असते. दोघेही खरे बोलत असतात. कबर आजोबांच्या काळात घेतलेली, पावती थोरल्या भावाच्या नावाची, आणि डागडुजीचा खर्च मात्र वर्षानुवर्षे धाकट्याने केलेला. धर्मगुरूंपुढे नोंदवही उघडी असते, पण तीत आजोबांनंतर कोणाचेच नाव नसते.

अशा वेळी निर्णय दोन तासांत द्यावा लागतो आणि तो कसाही दिला तरी एक घर दुखावते. वर्षभर आधी एका साध्या अर्जाने हा प्रश्न सुटला असता. म्हणून कबरीचा विचार मृत्यूच्या दिवशी करू नये. तो शांत मनाने, सर्व भावंडे हयात असताना करावा.

पवित्र भूमी, विकाऊ जमीन नव्हे

प्राचीन काळापासून ख्रिस्ती लोक आपल्या मृतांना आदराने भूमीत ठेवत आले आहेत. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले जाते. आपल्या बांधवांच्या मृतदेहांना जिवाचा धोका पत्करून माती देणारा तोबित हे या कृत्याचे पवित्र शास्त्रातील मोठे उदाहरण आहे. एके काळी दफन चर्चच्या आतही होत असे. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या पडक्या चर्चमध्ये गेल्यास जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीजकालीन कबरींच्या कोरीव शिळा आजही दिसतात. सध्याचा ख्रिस्तसभेचा कायदा, म्हणजे १९८३चा कॅनन लॉ, चर्चच्या आत दफन करण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतो. परमगुरू, तसेच आपापल्या चर्चमध्ये कार्डिनल आणि धर्मप्रांताचे बिशप एवढाच अपवाद त्याच्या कलम १२४२मध्ये आहे.

याच कायद्यातील आणखी काही कलमे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावीत. कलम १२४० सांगते की, शक्य तेथे ख्रिस्तसभेची स्वतःची दफनभूमी असावी. ती नसेल तेथे सार्वजनिक दफनभूमीतील काही भाग आशीर्वादित करून घ्यावा आणि तेही शक्य नसल्यास प्रत्येक कबर त्या त्या वेळी आशीर्वादित करावी. कलम १२४१नुसार धर्मग्रामाला आणि व्रतस्थांच्या संस्थांना स्वतःची दफनभूमी असू शकते. एखाद्या कुटुंबालाही दफनासाठी स्वतंत्र जागा असू शकते. कलम ११८०प्रमाणे धर्मग्रामाची दफनभूमी असल्यास मृतांचे दफन तेथे व्हावे, मात्र मृत व्यक्तीने किंवा तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांनी योग्य रीतीने दुसरी जागा निवडली असल्यास तसे करता येते. कलम १२४३नुसार दफनभूमीचे पावित्र्य राखले जावे यासाठी स्थानिक नियम केले पाहिजेत.

या सर्वांचा मथितार्थ एकच आहे. कुटुंबासाठी कबर राखून ठेवणे ख्रिस्तसभेला मान्य आहे, परंतु ती कबर ज्या भूमीत आहे ती पवित्र आहे. पवित्र स्थळी उपासनेला आणि भक्तीला पोषक असेच व्यवहार व्हावेत, असे कलम १२१० सांगते. घराच्या किंवा शेताच्या जमिनीचे नियम तेथे लावता येत नाहीत.

जमिनीचा मालक कोण?

'आम्ही कबर विकत घेतली आहे' असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात आपण जमीन विकत घेतलेली नसते. दफनभूमीची जमीन बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाच्या किंवा धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. काही ठिकाणी ती नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची असते. सात-बाराच्या उताऱ्यावर कुटुंबाचे नाव चढत नाही. कुटुंबाला मिळतो तो त्या जागी आपल्या माणसांचे दफन करण्याचा आणि स्मारक उभारण्याचा हक्क, आणि तोही धर्मग्रामाच्या नियमांच्या अधीन राहून.

यामागे देशाचा कायदाही आहे. आपल्या राज्यातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्याच्या कलम ३६प्रमाणे संस्थेच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून वैध ठरत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी ही परवानगी लागते. म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी मनात आणले तरी दफनभूमीचा तुकडा ते कोणाला विकू शकत नाहीत. मग ज्याच्याकडे केवळ दफनाचा हक्क आहे, त्याने तो तुकडा तिसऱ्याला विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसऱ्याच्या जमिनीवर एखादी गोष्ट करण्याची जी परवानगी असते, तिच्याविषयी १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात तरतुदी आहेत. अशी परवानगी ज्याला दिली त्याने ती सर्वसाधारणपणे दुसऱ्याच्या नावे करता कामा नये, हे तत्त्व त्यात आहे. कबरीच्या हक्कपत्रावर 'हा हक्क हस्तांतरणीय नाही' असे वाक्य असते तेव्हा त्यामागे हाच विचार असतो.

तीन प्रकारच्या जागा

मुंबई आणि वसई परिसरातील दफनभूमींत साधारणपणे तीन प्रकारच्या जागा आढळतात. त्यांतील फरक समजला की बरेच गैरसमज दूर होतात.

पहिली सर्वसाधारण कबर. ती धर्मग्रामातील कोणाही मृतासाठी असते आणि ठरावीक काळाने पुन्हा वापरली जाते. देह मातीशी एकरूप होण्यास किती काळ लागेल, हे जमिनीचा पोत, ओलावा, शवपेटीचे लाकूड आणि मृताच्या अंगावरील वस्त्रे यांवर अवलंबून असते. जाड पॉलिश केलेली पेटी, कृत्रिम धाग्यांचे कपडे आणि प्लॅस्टिकची फुले यांमुळे तो काळ लांबतो. म्हणूनच साधी पेटी आणि सुती वस्त्रे वापरण्याचे आवाहन केले जाते. मुदत संपल्यावर कुटुंबाला कळवून अस्थी काढल्या जातात आणि त्या कप्प्यात किंवा सामायिक अस्थिकूपात ठेवल्या जातात.

दुसरी कायम अथवा कौटुंबिक कबर. येथे एकाच कुटुंबातील व्यक्तींचे एकामागून एक दफन होते. आधीच्या अस्थी गोळा करून त्याच कबरीत आदराने बाजूला ठेवतात आणि नवी पेटी उतरवली जाते. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. दोन दफनांमध्ये ठरावीक अंतर असावेच लागते. त्या मुदतीत घरात दुसरा मृत्यू झाला, तर कायम कबर असूनही सर्वसाधारण कबर घ्यावी लागते. तो कुटुंबावरचा अन्याय नव्हे. आधीच्या देहाचा मान राखण्यासाठी केलेला तो नियम आहे.

तिसरी जागा म्हणजे भिंतीतील कप्पा, ज्याला आपल्याकडे 'निश' म्हणतात. त्यात अस्थी किंवा रक्षा ठेवून वर नावाची पाटी बसवतात. जेथे एका कबरीची जागा व्यापली जाते, तेथे एका भिंतीत कितीतरी कुटुंबांची स्मृती सामावते. शहरात जागेची टंचाई वाढत असताना हा मार्ग पुष्कळ धर्मग्रामांनी स्वीकारला आहे. कप्पाही बहुधा ठरावीक वर्षांसाठीच मिळतो, त्यामुळे त्याची मुदत कुटुंबाने लक्षात ठेवली पाहिजे.

हक्क पुढे कोणाकडे जातो?

मूळ हक्कधारकाच्या मृत्यूनंतर कायम कबरीचा हक्क कोणाकडे जातो, हा वादाचा सर्वांत मोठा विषय आहे. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारल्यास तिच्या मालमत्तेची वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे होते. मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात तो कायदा भेद करत नाही. परंतु घर विभागावे तशी कबर विभागता येत नाही. चार भावंडांना एका कबरीचे चार कोपरे देता येत नाहीत. म्हणून कबरीच्या बाबतीत धर्मग्रामाचे नियम आणि हक्कपत्रावरील अटी पाळाव्या लागतात.

व्यवहारात सर्वांत सोपा मार्ग असा. हक्कधारकाने हयातीतच एका व्यक्तीचे नामनिर्देशन करावे आणि त्या कबरीत कोणाकोणाचे दफन होऊ शकते याची यादी धर्मग्राम कार्यालयात द्यावी. नामनिर्देशित व्यक्ती ही कबरीची मालक नसते. ती सर्व भावंडांच्या वतीने पत्रव्यवहार करणारी, डागडुजी पाहणारी आणि वार्षिक शुल्क भरणारी व्यक्ती असते. एवढे स्पष्ट लिहिले, तर 'पावती माझ्या नावावर आहे, म्हणून कबर माझी' हा दावा उरत नाही.

लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामात गेलेल्या मुलीचा प्रश्न विशेष नाजूक आहे. आडनाव बदलले म्हणून माहेरच्या कबरीशी तिचे नाते तुटते असे मानणे योग्य नाही. विधवा होऊन माहेरी परतलेल्या किंवा अविवाहित राहून आईवडिलांची सेवा केलेल्या मुलीला त्याच आईवडिलांच्या शेजारी जागा नाकारली जावी, हे ख्रिस्ती मनाला पटणारे नाही. यादी करताना अशा लेकींची नावे विसरू नयेत.

थडग्यावरील पाटीविषयीही गैरसमज आहे. संगमरवरी पाटी बसवली, कठडा बांधला किंवा फरशी घातली म्हणून हक्क निर्माण होत नाही. पाटी स्मृतीसाठी असते. हक्काचा पुरावा धर्मग्रामाच्या नोंदवहीत आणि हक्कपत्रात असतो. परवानगीवाचून वाढवलेला कठडा शेजारच्या कबरीची वाट अडवतो आणि पुढच्या भांडणाचे बीज तेथेच पेरले जाते.

अदलाबदल केव्हा आणि कशी?

कबरींची अदलाबदल मुळातच चुकीची नाही. तिची खरी गरज अनेकदा भासते. दोन भावांच्या कबरी दफनभूमीच्या दोन टोकांना असतात आणि त्या शेजारी आणाव्यात अशी इच्छा असते. संरक्षक भिंत, पावसाळी पाण्याचा निचरा किंवा रस्ता यांसाठी काही कबरी हलवाव्या लागतात. एखादे कुटुंब परदेशी स्थायिक होते आणि मोठी कबर परत करून अस्थींसाठी एक कप्पा मागते. एखाद्या घराण्यात वारसच उरत नाही. अशा प्रत्येक प्रसंगी योग्य मार्ग आहे, पण तो धर्मग्रामाच्या कार्यालयातून जातो.

त्याचे मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येईल. एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे कबर थेट जात नाही. पहिले कुटुंब आपला हक्क धर्मग्रामाला परत करते आणि धर्मग्राम दुसऱ्या कुटुंबाला नवा हक्क देतो. दोन कबरी बदलायच्या असतील, तर दोन्ही हक्क आधी परत येतात आणि मग दोन नवी हक्कपत्रे निघतात.

त्यासाठी दोन्ही हक्कधारकांनी लेखी अर्ज करावा. सोबत मूळ हक्कपत्र किंवा पावती जोडावी. हक्कधारक वारला असेल, तर त्याच्या सर्व वारसांची संमती घ्यावी. परदेशातील भावाबहिणीची सही मागाहून घेऊ, असे म्हणून काम पुढे ढकलू नये. त्यानंतर दोन्ही कबरींत कोणाकोणाचे दफन झाले आहे आणि शेवटचे दफन केव्हा झाले, हे नोंदवहीतून पाहिले जाते. दफनभूमी समिती किंवा धर्मग्रामाची आर्थिक समिती प्रत्यक्ष जागा पाहते. प्रमुख धर्मगुरूंच्या संमतीने, आणि नियमांत तशी अट असल्यास धर्मप्रांत कार्यालयाच्या मान्यतेने, निर्णय होतो. शेवटी जुनी हक्कपत्रे रद्द करून नवी दिली जातात आणि नोंदवहीत दोन्हीकडे परस्पर उल्लेख केला जातो. हा शेवटचा टप्पा राहून गेला, तर आधीचे सर्व श्रम व्यर्थ ठरतात. वीस वर्षांनी नोंदवही उघडणाऱ्या धर्मगुरूंना केवळ जुनीच नावे दिसतील.

उघडपणे आणि साक्षीदारांसमोर व्यवहार करण्याची ही शिकवण नवी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात सारेच्या मृत्यूनंतर आब्राहाम तिच्यासाठी कबरस्थान मागतो. तो त्या देशात परका होता. एफ्रोन हित्तीने जागा फुकट देऊ केली, तरी आब्राहामाने ती तशी घेतली नाही. नगराच्या वेशीत, सर्व लोकांच्या देखत, चारशे शेकेल चांदी तोलून देऊन त्याने मखपेला येथील शेत आणि त्यातील गुहा घेतली. शेत, गुहा आणि तेथील झाडे यांचा उल्लेखही त्या वृत्तान्तात आहे. पुढे आब्राहाम, इसहाक, रिबेका, लेआ आणि याकोब यांचेही दफन तेथेच झाले. आब्राहामाने जमीनच घेतली आणि आपल्याला केवळ हक्क मिळतो, हा फरक आहे. पण दुःखाच्या क्षणीही त्याने व्यवहार सर्वांसमोर आणि शंकेला जागा न ठेवता केला, हे आपण शिकण्यासारखे आहे.

याच्या उलट, अंधारात होणारा व्यवहार आहे. शहरी भागात कायम कबरींची मागणी वाढली की कोणी तरी आपली न वापरलेली कबर मोठी रक्कम घेऊन दुसऱ्याला 'देऊ' पाहतो. नावे तशीच राहतात, पैसे हातोहात जातात. पैसे देणाऱ्या कुटुंबाला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही आणि अंत्यविधीच्या दिवशी ते उघडे पडते. अशा व्यवहाराची पावती धर्मग्राम मान्य करू शकत नाही. जी कबर आपल्याला नको आहे, ती धर्मग्रामाला परत करावी. आपण भरलेली रक्कम नियमांप्रमाणे परत मिळेल किंवा मिळणार नाही, पण त्या जागी एखाद्या गरजू कुटुंबाची सोय होईल.

अस्थी हलवताना

अदलाबदलीत अनेकदा अस्थी हलवाव्या लागतात. हे काम कुटुंबाने परस्पर, खणणाऱ्या माणसाशी बोलून कधीही करू नये. दफनस्थळी घुसून किंवा मृतदेहाची विटंबना करून जाणूनबुजून कोणाच्या धार्मिक भावना दुखावणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९७मध्ये होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३०१मध्ये आहे. धर्मगुरूंची लेखी परवानगी, वारसांची संमती आणि शासकीय नियमांप्रमाणे लागणारी मंजुरी घेऊन, कुटुंबातील जबाबदार व्यक्ती उपस्थित असतानाच कबर उघडावी. धर्मगुरूंनी केलेल्या प्रार्थनेने हा विधी सुरू व्हावा आणि नव्या जागी आशीर्वादाने संपावा.

दहनाविषयीही येथे सांगणे योग्य होईल. ख्रिस्तसभा दफनाची प्रथा मनापासून सुचवते. १९६३पासून तिने दहनाला मुभा दिली आहे, मात्र ख्रिस्ती श्रद्धेच्या विरोधी कारणासाठी ते निवडलेले नसावे. २०१६ साली व्हॅटिकनने दिलेल्या सूचनेनुसार रक्षा घरी न ठेवता किंवा विखरून न टाकता दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. डिसेंबर २०२३मध्ये दिलेल्या खुलाशात अनेकांची रक्षा एका सामायिक पवित्र जागी एकत्र ठेवण्यास वाव दिला आहे, मात्र प्रत्येकाचे नाव नोंदलेले असले पाहिजे. हा शेवटचा मुद्दा आपल्या सामायिक अस्थिकूपालाही लागू करण्याजोगा आहे. अस्थी एकत्र झाल्या तरी नावे हरवता कामा नयेत. स्नानसंस्काराच्या वेळी ज्याला नावाने हाक मारली, त्याला मृत्यूनंतर निनावी होऊ देणे आपल्याला शोभत नाही.

पैसा आणि गरिबांची जागा

कबर खणणे, भिंत राखणे, दिवे, पाणी, सफाई, नोंदी या सर्वांना खर्च येतो. म्हणून शुल्क घेणे योग्यच आहे. पण अंत्यविधीच्या देणगीबाबत कलम ११८१मध्ये ख्रिस्तसभेचा स्पष्ट इशारा आहे. देणगी घेताना कोणताही पक्षपात होऊ नये आणि गरीब व्यक्ती योग्य अंत्यविधीला वंचित होऊ नये.

वसई परिसरात हा इशारा आज विशेष महत्त्वाचा आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या शेती-वाडी करणारी कुपारी, ईस्ट इंडियन, वाडवळ, कोळी घराणी आहेत. त्यांच्याबरोबर मुंबई, गोवा, मंगळूर आणि दक्षिण भारतातून येऊन इमारतींत स्थायिक झालेली हजारो कुटुंबे आज आपल्याच धर्मग्रामांत मिस्सेला येतात. दफनभूमीचे क्षेत्र मात्र वाढलेले नाही. जुन्या घराण्यांकडे दोन-दोन कायम कबरी आणि नव्याने आलेल्या श्रमिकाला सर्वसाधारण कबरीसाठीही वाट पाहावी लागणे, असे चित्र निर्माण झाल्यास आपण एकाच वेदीभोवती जमतो या म्हणण्याला काय अर्थ उरेल?

जुन्या घराण्यांची भावनाही समजून घेतली पाहिजे. दफनभूमीसाठी जमीन दिली, श्रमदान केले, भिंत बांधली, ते त्यांच्याच आजोबा-पणजोबांनी. त्या त्यागाची आठवण राहावी. परंतु त्या पूर्वजांनी जागा दिली ती धर्मग्रामाला, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंताला. मत्तयच्या शुभवर्तमानात यहुदाने परत फेकलेल्या चांदीच्या नाण्यांतून कुंभाराचे शेत घेतले गेले, ते परक्यांना पुरण्यासाठी. परके तेथे बाजूला ठेवले गेले. आपल्या दफनभूमीत परका कोणी नसावा.

नोंदवही हीच खरी भिंत

दफनभूमीचे रक्षण दगडी भिंतीइतकेच नोंदवहीही करते. कलम ११८२प्रमाणे दफनानंतर मृत्यू-नोंदवहीत नोंद करावी लागते. त्याखेरीज शासनाकडे मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करणे १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे आवश्यक आहे. या दोन्ही नोंदींना कबर-नोंदवहीची जोड हवी. प्रत्येक कबरीला क्रमांक, दफनभूमीचा नकाशा, हक्कधारकाचे आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, दफन झालेल्या प्रत्येकाचे नाव व दिनांक, आणि झालेले प्रत्येक हस्तांतरण किंवा अदलाबदल एवढे त्यात असावे. संगणकावर नोंदी ठेवल्या तरी छापील प्रत सहीशिक्क्यासह ठेवावी. जुनी पोर्तुगीज किंवा इंग्रजी नावे मराठीत उतरवताना मूळ शब्दरूपही लिहून ठेवावे. अन्यथा एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात.

ज्या कबरींचे वारस सापडत नाहीत, त्यांच्याबाबत घाई करू नये. मिस्सेनंतर घोषणा, सूचनाफलक, कबरीवर लावलेली सूचना आणि पुरेशी मुदत यानंतरच धर्मग्रामाने ती जागा परत घ्यावी आणि तेथील अस्थी नावासह सामायिक जागी ठेवाव्यात.

या नोव्हेंबरमध्ये

कबरीवर मेणबत्ती लावण्यासाठी सर्व भावंडे एकत्र येतात, तोच बोलण्याचा योग्य दिवस आहे. घरी परतल्यावर कपाटातील हक्कपत्र किंवा पावती काढावी. त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे. ती व्यक्ती हयात नसेल, तर कोणाचे नाव द्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवावे. कबरीत कोणाला जागा असेल त्याची यादी करावी. लग्न झालेल्या बहिणींनाही विचारावे. पूर्वी कोणाशी तोंडी अदलाबदल झाली असेल, तर त्या कुटुंबालाही बोलवावे आणि दोघांनी मिळून कार्यालयात अर्ज द्यावा. ज्यांच्याकडे न वापरलेली कबर आहे, त्यांनी ती परत करण्याचा विचार करावा.

प्रभू येशूला मृत्यूनंतर स्वतःची कबर नव्हती. अरिमथाईच्या योसेफाने खडकात स्वतःसाठी खोदवून घेतलेली नवी कबर त्याला दिली. योसेफाने ती देताना हक्क सांगितला नाही, किंमतही मागितली नाही. तिसऱ्या दिवशी ती कबर रिकामी झाली आणि तीच आपल्या श्रद्धेची खूण ठरली. आपल्या प्रत्येक कबरीतील माणूसही पुनरुत्थानाच्या आशेने तेथे विसावला आहे. ती जागा त्याच्याकडे काही काळापुरतीच आहे, तशीच ती आपल्याकडेही आहे. तोवर तिच्यावरून आपल्या घरात भांडण होणार नाही, एवढी काळजी आपण घेऊ या.